घरकामाचे तास मोजणारे लांजेवार

लांजेवार काकाजी गेल्यावर आमच्या इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस घरी आले. वार्षिक अंकासाठी त्यांना काकाजींवर दोन पानं हवी होती. "भिंतीला भिंत लावून राहिल्या तुम्ही, तुमच्यावानी कोण लिहीन?" असं म्हणाले. मी म्हटलं, लिहून देईन, पण छापायचं की नाही ते वाचून ठरवा. त्यांना तो माझा विनय वाटला. तो विनय नव्हता. मला तो माणूस आवडत नव्हता. जिवंतपणी आवडत नव्हता, आणि गेल्यावर आवडायला लागावा असं काही घडलेलं नाही.

मी लग्न होऊन इथे, हिंदी मुलखातल्या पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये आले तेव्हा शेजारच्या क्वार्टरमध्ये लांजेवारांचं कुटुंब होतं. मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे. उंच, सडसडीत, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात जाड दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. मला आधी वाटलं, शाळेत खेळाचे शिक्षक असतील. नवऱ्याने सांगितलं, प्लांटमध्ये वर्क स्टडीला आहेत. म्हणजे कोणत्या कामाला माणसाला किती वेळ लागतो हे बाजूला उभं राहून मोजायचं आणि वर कळवायचं. ते शॉपमध्ये शिरले की लोक गप्प होत. त्यांच्या पाठीमागे त्यांना काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकाजींना ते माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "मी आलो की माणसाचं पाणी समजते," असं ते म्हणत.

नोकरीत हे चाललं असतं. पगारच त्याचा होता. पण काकाजी घरीही तेच करत.

पहिल्यांदा पाहिलं तो प्रसंग मी विसरणार नाही. विरजण मागायला गेले होते. काकू ओट्याशी पोळ्या लाटत होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर काकाजी बसले होते. हातात घड्याळ, मांडीवर पॅड. शेवटची पोळी तव्यावरून उतरली तशी त्यांनी कळ दाबली.

"मागच्या हप्त्यापेक्षा जास्त लागला," ते म्हणाले.

"कणीक सैल झाली होती जी," काकू म्हणाल्या.

"कणीक कोणी भिजवली?"

काकू माझ्याकडे बघून हसल्या. नव्या नवरीसमोर काहीतरी हसण्यासारखं चाललंय असं दाखवायचं म्हणून हसल्या. मीही हसले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काढू नको, जीव जळते माझा."

दर रविवारी ते आठवड्याचा तक्ता तयार करत. स्वयंपाक, भांडी, धुणं, झाडपूस, बाजार, एकेका कामाला एकेक ओळ, आणि शेवटी बेरीज. अक्षर इतकं सुंदर की छापल्यासारखं. तो तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला जाई. मग चहा घेताना ते मोठ्याने वाचून दाखवत. आमच्या मागच्या अंगणात ऐकू यायचं.

"तीस तास. पूर्ण हप्त्याचे तीस तास. प्लांटमधला माणूस अठ्ठेचाळीस भरते. बाकीच्या वेळात तू काय करून राहिली असते?"

काकू काय उत्तर देत ते कधी ऐकू आलं नाही. बहुतेक देतच नसाव्यात.

काय मोजायचं आणि काय नाही हे काकाजी ठरवत. दूध तापायला ठेवून त्याच्यापाशी उभं राहणं काम नव्हतं. नळाला पाणी यायची वाट बघणं काम नव्हतं. गॅसवाल्यासाठी दुपार घरात अडकून पडणं, पाहुण्यांच्या पायावर पाणी घालण्यापासून त्यांना निरोप देईपर्यंतचं सगळं, हे काहीच काम नव्हतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे काकाजींची आई. म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. तिचं उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, चादरी बदलणं, कूस बदलणं, सगळं काकू करत. त्याला तक्त्यात ओळच नव्हती.

हे मला कळलं ते मंडळाच्या हळदीकुंकवाला. तोपर्यंत काकाजी रिटायर झाले होते आणि राहतं क्वार्टर त्यांनी प्लांटकडून लीजवर घेऊन ठेवलं होतं. हाताशी वेळच वेळ. त्या वर्षी कार्यकारिणीने, म्हणजे चार पुरुषांनी, असं ठरवलं की हळदीकुंकवाच्या आधी बायकांसाठी काहीतरी उपयुक्त व्याख्यान ठेवावं. काकाजींनी विषय दिला, घरकामाचं शास्त्र. हॉलच्या भिंतीवर त्यांनी मोठा कागद लावला. वर लिहिलं होतं, एका गृहिणीचा हप्ता. कोणती गृहिणी ते सगळ्यांना माहीत होतं. हातात पट्टी घेऊन ते एकेका ओळीवर ठोकत होते. भांड्यांना इतका वेळ लागतो, इतक्यात व्हायला पाहिजे. भाजी निवडताना बोलल्यामुळे इतका वाया जातो. मागे उभे असलेले पुरुष खूश. आमचे हेसुद्धा.

माझ्या शेजारी डोंगरेबाई बसल्या होत्या. सेक्टरातल्या शाळेत शिकवायच्या, आवाज खणखणीत. त्या उभ्या राहिल्या.

"लांजेवार साहेब, काकू कावून नाही आल्या आज?"

"आई आहे घरी. तिच्याजवळ कोणीतरी पाहिजे ना."

"मग ते या कागदावर कुठं आहे?"

काकाजींनी पट्टी खाली घेतली. मग म्हणाले, "बाई, ते काम नोहे. ते कर्तव्य आहे. कर्तव्य मोजत नसतात."

मागून पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. डोंगरेबाई म्हणाल्या, "तुमचं कर्तव्य का तिचं? आई तर तुमची आहे." पण टाळ्यांत ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही. अध्यक्षांनी आभार मानले आणि वाण वाटायला सुरुवात झाली. त्या दिवशी घरी येऊन आमच्या ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारलं, "भाजीले किती वेळ लागते गं तुले?" मी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण मी हे करू शकले, कारण माझा नवरा लाजणारा होता. काकाजी लाजत नसत.

मला त्यांच्याबद्दल चांगलंही सांगता येईल. ते दारू पीत नव्हते. कोणाच्या एका रुपयाला शिवले नाहीत. आईपाशी रोज संध्याकाळी जाऊन बसत, तिचे पाय चेपत, आणि ती गेली तेव्हा लहान मुलासारखे रडले. पण या चांगुलपणामुळेच त्यांच्याविरुद्ध कोणी काही बोलत नसे. मारणाऱ्या नवऱ्याला चार लोक जाब विचारतात. मोजणाऱ्या नवऱ्याला काय विचारणार?

म्हातारी जायच्या आधी विनोदचं, त्यांच्या मुलाचं, लग्न झालं. सून पल्लवी शेजारच्या दुर्ग शहरातली. माहेरचे मराठीच, पण ती लहानपणापासून हिंदीतच बोलणारी. एका खाजगी शाळेत नोकरी करायची. सकाळी डबे, मग शाळा, दुपारी परत येऊन सासूला मदत. ती आल्यावर तक्त्यात दोन रकाने झाले, एक काकूंचा, एक पल्लवीचा. पल्लवी पहिले काही दिवस समजुतीने वागली. मग एक दिवस तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. काकाजी बाहेर खुर्ची टाकून बसले आणि आतल्या आवाजांवरून मोजत राहिले. कुकरची शिट्टी, लाटण्याचा आवाज, नळ. हे मी स्वतः पाहिलं. मला हसू आलं नाही.

संक्रांतीला पल्लवीचे आईवडील आले. चहा झाला, तिळगूळ झाला. मीही तिथे होते, काकूंनी बोलावलं होतं. काकाजी उठले, दारावरचा तक्ता काढून आणला आणि व्याह्यांच्या हातात दिला.

"पाहा, तुमची पोरगी. हिच्या सासूले जेवढा वेळ लागते त्याच्या दुप्पट लागते हिले. शिकवलं नाही का घरी काही?"

पल्लवीच्या वडिलांनी तो कागद धरला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. विनोद मोबाइलमध्ये बघत होता. पल्लवीने वडिलांच्या हातातून कागद घेतला, घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पापाजी, मेरे मम्मी-पापा के सामने ये मत कीजिए. जो बोलना है मुझे बोलिए."

"तुलेच तर बोलून राहिलो."

"नहीं. आप उनको सुना रहे हैं."

काकू मध्ये पडायला गेल्या तर काकाजी त्यांना म्हणाले, "तू चूप बस. तुझ्याच लाडानं झालं हे." काकू चूप बसल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत विनोद आणि पल्लवी गावातल्याच स्मृती नगरला भाड्याच्या घरात गेले. काकाजी दारात उभे राहून टेम्पोत सामान चढताना बघत होते. नंतर सेक्टरभर सांगत फिरले की सून कामचोर निघाली आणि पोरगा बायकोच्या मुठीत गेला.

म्हातारी गेल्यावर मला वाटलं, आता काकूंना थोडा श्वास मिळेल. तेराव्यानंतर काकाजींनी, सून गेल्यावर लावलेली भांड्यांची बाई बंद केली. कारण असं दिलं, "आता तर तुले कामच राहिलं नाही. बाई कायले पाह्यजे?" ज्या कामाला त्यांनी कधी काम म्हटलं नव्हतं, ते संपल्याबरोबर त्याचे तास त्यांना बरोबर दिसले. मी हे काकूंना बोलून दाखवलं. त्या परसात राख घेऊन पितळेचा डबा घासत होत्या. म्हणाल्या, "मले समजत नाही असं वाटते का तुले? समजते सगळं. पण सांगू कोणाले?" आणि घासत राहिल्या.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. घराची जाळी-जळमटं काढायची होती. काकाजींनी ठरवलं, सगळं घर एका दिवसात. काकू स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या आणि हे खाली उभे. आमच्या अंगणात मला आवाज येत होता. मागच्या वर्षी इतक्यात दोन खोल्या झाल्या होत्या, असं काहीतरी चाललं होतं. मग धप्पकन आवाज आला आणि काकूंची किंकाळी. मी तशीच धावले. दार उघडंच होतं.

काकू फरशीवर पडल्या होत्या, उजवा हात अंगाखाली. काकाजी दोन पावलांवर उभे होते. मी आत शिरले तेव्हा ते घड्याळ बंद करत होते. आधी त्यांनी घड्याळ बंद केलं, खिशात ठेवलं, मग वाकले. सवय असेल. इतकी वर्षं हात तसाच चालला असेल. पण मी ते पाहिलं आणि काकूंनीही पडल्या पडल्या पाहिलं.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते, हात कसा ठेवायचा, बोटं कशी हलवायची. काकाजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "भाकर थापता येईन ना हिले? किती हप्त्यानं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाबूजी, हड्डी टूटी है. दर्द में हैं वो."

"ते तर झालंच. पण काम कधी करीन, ते सांगा."

काकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी काकाजींकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मी त्यांचा डावा हात धरला होता. मी बाहेर जाऊन पल्लवीला फोन केला. कोणी सांगितलं म्हणून नाही, मलाच राहवलं नाही.

पल्लवी शाळेतून थेट आली, विनोदला गाडी घेऊन यायला सांगून. ती सासूपाशी बसली आणि एवढंच म्हणाली, "मम्मीजी, घर चलते हैं. हमारे घर." काकू उठल्या. काकाजी म्हणाले, "ठीक आहे, प्लास्टर निघेपर्यंत राहू दे." गाडीत बसताना काकूंनी मला विचारलं, "माझ्या तुळशीले पाणी घालशील?" मी हो म्हटलं. तेव्हाच मला कळलं की त्या परत येणार नाहीत. काकाजींना कळलं नाही.

प्लास्टर निघालं, हात हलायला लागला, काकू आल्या नाहीत. काकाजींनी फोन केले, मग चिडून फोन बंद केले, आणि शेवटी मंडळातले दोन जुने लोक घेऊन स्मृती नगरला गेले. त्या दोघांत आमचे हे होते. मी काकूंना भेटायचं निमित्त करून बरोबर गेले.

काकू दिवाणावर बसल्या होत्या. पल्लवीने चहा आणला. कप खाली ठेवून काकाजी म्हणाले, "दारावरचा तक्ता काढून टाकला मी." फार मोठं काहीतरी दिल्यासारखं म्हणाले.

"तक्त्याचं नाही जी," काकू म्हणाल्या. "मले तिथं यावंसंच वाटत नाही."

"यावंसं वाटत नाही म्हणजे? घर आहे तुझं."

"घर होतं तर मी त्यात तीसच तास कशी होती?"

मी काकूंच्या तोंडून असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. काकाजींनाही ते समजायला वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. "लोक काय म्हणतीन, याचा विचार केला का तू?"

"लोक बसले आहेत ना इथं," काकू म्हणाल्या. "विचारा त्याहिले."

आमच्या ह्यांनी आणि दुसऱ्या गृहस्थांनी चहाच्या कपात नजर घातली. माझ्या नवऱ्याचा मला एरवी राग आला असता, की याच्या तोंडून हो-नाही काहीच निघत नाही. त्या दिवशी ते गप्प बसले हेच बरं झालं, बोलले असते तर काकाजींच्याच बाजूने बोलले असते. विनोद मात्र बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल. "बाबा, आई इथंच राहील. आप आते रहिए, कोई मना नहीं है." काकाजी उठले, चपला घातल्या आणि आम्हाला मागे सोडून पायीच निघाले. आम्ही गाडीतून त्यांना गाठलं तेव्हा ते बसायला तयार नव्हते. बळेच बसवलं. वाटेत एवढंच म्हणाले, "शिकवून ठेवलं पोरीनं तिले."

नंतरची वर्षं काकाजी एकटे राहिले. स्वयंपाकाला, झाडू-भांड्यांना बाया लावल्या. प्रत्येकीवर घड्याळ लावलं. एकही महिनाभर टिकली नाही. जवळच्या अहिवारा गावाकडची सुकवारो नावाची एक बाई होती, तिने तर अंगणात उभं राहून सगळ्यांच्या देखत सुनावलं, "ए बाबूजी, अपन घड़ी ला रांध, अउ ओही ला खा ले!" म्हणजे, आपलं घड्याळच शिजव आणि तेच खा. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका त्या दिवशी पोटभर हसल्या. मीही हसले. मग ते डबा मागवायला लागले, डबेवाल्याशी भांडले, दुसरा लावला, त्याच्याशीही भांडले. मी कधी भाजी पाठवली नाही. शेजारधर्म म्हणून पाठवायला हवी होती असं चिटणीस म्हणतील. म्हणू देत.

चारचौघांत मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विनोदच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला. स्मृती नगरच्या त्यांच्या गच्चीवर मांडव घातला होता, फुगे होते, पुरी-छोले-पनीर होतं. काकाजींना विनोद स्वतः जाऊन घेऊन आला होता. शर्ट पांढराच होता पण इस्त्री नव्हती. काकू मोरपंखी साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, बाजूला पल्लवीची आई, या बाजूला मी. तिघी जेवत होतो. काकूंचं अंग जरा भरलं होतं. गुडघ्याला लावायच्या तेलाबद्दल त्या काहीतरी सांगत होत्या.

काकाजी प्लेट घेऊन आमच्यापाशी आले. माझा घास हातातच राहिला. वाटलं, नातीचा पहिला वाढदिवस आहे, म्हातारा माणूस आहे, काहीतरी बोलेल.

"पनीरमध्ये मीठ कमी आहे," ते काकूंना म्हणाले. "तू केलं का?"

"नाही जी. हॉटेलातून आलं," काकू म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "हं, तर ते तेल कोमट करूनच लावायचं."

काकाजींनी अर्धी उष्टी प्लेट आमच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि वळले. पलीकडून पल्लवीने हाक मारली, अगदी साध्या आवाजात, "पापाजी, प्लेट वहाँ टब में रखनी है."

सगळ्यांनी बघितलं. ते परत आले. प्लेट उचलली. टब जिन्याजवळ होता पण त्यांना दिसेना. मुलं फुगे घेऊन पळत होती, बायका साड्या सावरत बाजूला होत होत्या, आणि काकाजी दोन्ही हातांत प्लेट धरून मांडवाच्या मधोमध उभे राहून इकडे तिकडे बघत होते. छोल्याचा रस मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरत होता. मी काकूंकडे पाहिलं. त्यांना दिसलं होतं. त्यांनी पल्लवीच्या आईला विचारलं, "गुलाबजाम घेतला का तुम्ही? छान आहे," आणि स्वतः दुसरा आणायला उठल्या.